रुमालावरचं तेल

भोईरदादांच्या खिशात कायम एक पांढरा, इस्त्री केलेला रुमाल असायचा आणि त्याने त्यांनी कधीही तोंड पुसलं नाही. वागळे इस्टेटमध्ये एका बंद कारखान्याच्या मागे त्यांची शेड होती. ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स, एवढंच काम. गाडी आली की इंजिन तापू द्यायचं, ते चालू असतानाच गिअरच्या तेलाची काडी ओढायची, रुमालावर पुसायची, नाकाशी धरायची आणि मग तोच रुमाल मालकाच्या नाकाशी न्यायचा.

"घ्या वास. लाल हाय म्हनजे जीव हाय. काला नि करपलेला असला, तर आतल्या प्लेटी जलल्या समजा."

मालकाने वास घेतल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. एका साहेबांनी नाक मुरडून रुमाल ढकलला, तर त्यांना गाडीसकट परत पाठवलं होतं.

खरं तर त्यांना हे करायची काहीच गरज नव्हती. मूळचे कोपरचे. वडील घरच्याच मिठागरावर राबले, पण त्याच जमिनीवर पुढे इमारती उभ्या राहिल्या. गळ्यात जाड सोन्याची साखळी आणि हात कोपरापर्यंत काळे, असा त्यांचा अवतार. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "घरात बसून काय करू? भारेकरूंची तोंडा बगू?"

माझे वडील डोंबिवलीत गणिताचे शिक्षक होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबता येईना, म्हणून त्यांनी ही जुनी ऑटोमॅटिक घेतली. हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. बाबांची शिस्त मात्र जुन्या फियाटच्या काळातली. दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, एकेक काडी ओढून सगळी तेलं बघायची. "भरलेलं आहे," असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचे. गाडीत बसले की हातातली काठी मागच्या सीटवर जायची आणि बाबा पुन्हा कुणाच्या आधाराचे उरत नसत. त्या गाडीवरून आमची कितीही भांडणं झाली, तरी हे मला कळत होतं.

तीन वर्षांपूर्वी गाडी घसरायला लागली. कोपर पुलाच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी रेंगाळायची, आणि मग गिअर एकदम पकडला की उडी मारायची. अशाच एका उडीत ती पुढच्या रिक्षावर आदळली. कुणाला लागलं नाही, पण रिक्षात एक बाई बाळ घेऊन बसली होती. मी म्हटलं, विकून टाका. बाबा म्हणाले, "दुरुस्त होणारी वस्तू विकायची कशाला?" शेवटी आम्ही भोईरदादांकडे गेलो.

दादांची आणखी एक रीत होती. गाडी मालकानेच चालवायची; ते शेजारी बसून, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून डोळे मिटून घेत. त्या दिवशी मी मागे बसले होते. दोन गल्ल्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं, दादांचे डोळे उघडे होते आणि ते खाली बघत होते. तेवढ्यात समोरून एक हातगाडी आडवी आली. इंजिन ओरडलं. दादांनी हँडब्रेक खेचला आणि आम्ही हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबलो.

"बघितलंत? घसरते ती अशी," बाबा म्हणाले.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी चालू इंजिनवर काडी ओढली, रुमालावर पुसली आणि रुमाल घडी करून सरळ खिशात ठेवला.

"मास्तर, गारी संपली. गिअरबॉक्स खलास."

"उघडून तर बघा."

"उघरून काय बगायचा? पार्ट मिलत नाय याचा. ठेवा इथंच, भंगारात जाईल."

बाबा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मागच्या सीटवरची काठी मागितली. मला हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

पुढचे दिवस वाईट गेले. बाबा गॅलरीत बसायला लागले ते बसलेच. मित्रांकडे जाणं थांबलं. रिक्षाने सोडते म्हटलं, तर म्हणायचे, "राहू दे, तुझा वेळ जाईल." चार महिन्यांनी मी कामासाठी वागळे इस्टेटला गेले होते, तर दादांच्या शेडसमोरून आमचीच गाडी झोकात बाहेर पडताना दिसली. माझं डोकंच फिरलं. आत जाऊन मी दादांना तोंडाला येईल ते बोलले. चोरसुद्धा म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माजा भाचा खरवलीला नेतो ती. तिला काय नाय झायलेला. एका सीलमधून तेल गलत होता, म्हनून कमी परला. मास्तर बंद गारीत काडी बगायचे. बंद गारीत ती भरलेलीच दाखवते."

"मग खोटं का बोललात?"

"घसरत तर होती. पन त्या दिवशी हातगारी आली तवा त्यांचा चांगला, उजवा पायपन ब्रेकवर नव्हता, पोरी. आनि आपला पाय कुठं हाय ते त्यांना कलत नव्हता."

"मला सांगायचं होतंत."

"नि तू त्यांना सांगितला असतास. बाप लेकीचा आयकतो? गारीचा आयकतो."

मी घरी येऊन काहीच बोलले नाही. दादांनी बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी एका बाळाला वाचवलं असेल, आणि माझ्या बाबांना गॅलरीत बसवलं, हे दोन्ही खरं आहे. चोर म्हटल्याबद्दल माफी मागायची राहूनच गेली. या उन्हाळ्यात शेडमध्येच ते छातीत कळ येऊन गेले.

त्यांच्या तेराव्याला मी कोपरला जाऊन आले आणि मला राहवेना. बाबांना सगळं सांगितलं; सील, भाचा, पाय, सगळं. ते गॅलरीतून खाली बघत होते.

"रुमाल लाल होता गं," ते म्हणाले. "घडी घालताना दिसला मला. आणि त्या दिवशी त्याने मला वास दिला नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"रिक्षाला धडकलो त्या दिवसापासून वाट बघत होतो, पायाचं हे कुणीतरी सांगेल म्हणून. माझ्याच्याने सांगवत नव्हतं." मग त्यांनी विचारलं, "चालते अजून?"

"खडवलीला चालते."

"त्या भाच्याला निरोप दे. म्हणावं, तेल बघताना इंजिन चालू ठेव."