दोघांच्या मधले दाजी

दुसऱ्याचं बोलणं आमच्या दाजींइतक्या मायेनं वाहून नेणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात झाला नसेल. ताईचे हे यजमान नव्वदीच्या दशकात गणेशगुडीला एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळत. तिथल्या कोठाराचा कॉम्प्युटर आणि बेळगावच्या हापिसातला हिशेबाचा कॉम्प्युटर यांचं आपसात जमत नसे. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतच नसे. दाजींनी मधे आपला एक प्रोग्राम बसवला. तो कोठाराचा निरोप बेळगावच्या वतीनं घ्यायचा, बेळगावला समजेल असा करून धाडायचा, आणि फोनची लाइन पडली असली तर ती येईपर्यंत जपून ठेवायचा. "ह्याला प्रॉक्सी म्हणत्यात. मुखत्यार म्हणा की!" ते सांगत. "दोघांनी एकमेकांला वळखायची गरजच न्हाई."

हे वेड कचेरीत ठेवून घरी येतील तर ते दाजी कसले! रामनगरच्या बसमध्ये एकदा कंडक्टर आणि एक कोकणी म्हातारी कोंबडीवरून भांडत होती. दोघांना एकमेकांची भाषा चांगली येत होती, तरी दाजी मधे शिरले. म्हातारी माफी मागते म्हणून कंडक्टरला कन्नडमध्ये सांगितलं, कंडक्टर माफी मागतो म्हणून म्हातारीला कोकणीत. दोघं सुखावली. कोंबडी मात्र रामनगरपर्यंत दाजींच्या मांडीवर.

आमच्या नंदिगड्ड्याच्या घरात त्यांचा खरा कस लागला. थोरल्या भावानं बाबांना न विचारता भाताच्या खाचरात सुपारी लावली आणि बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका छपराखाली दोन चुली झाल्या. दाजी आले की बाबा म्हणत, "त्या गाढवाला सांगा, बांध फुटलाय." दाजी पलीकडं जाऊन सांगत, "बाबा इचारत हुते, तब्येत बरी हाय न्हवं? आणि जमलं तर बांध बघ."

मग बाबा तापानं अंथरुणाला खिळले. एका दुपारी क्षीण आवाजात म्हणाले, "जावयबापू, त्याला सांगा..." पुढं शब्द फुटेना.

दाजी उठले. "ह्यो निरोप माझ्याच्यानं व्हायचा न्हाई, मामा." भावाला हाताला धरून त्यांनी आत आणलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

"जेवलास?" बाबांनी विचारलं.

भाऊ त्यांचे पाय धरून रडला.

बाबा बरे झाले. बापलेक समोरासमोर बोलू लागले, म्हणजे भांडूच लागले. पुढं कंपनीतही दोन्हीकडचं जाणणारी नवी व्यवस्था आली आणि दाजींचा प्रोग्राम मोडीत निघाला. एकदा ते आमच्या सोप्यावर बसले होते. आत सुपारीवरून आवाज चढले होते. मी म्हटलं, "दाजी, जाऊन मिटवा की."

"नगं," ते हसून म्हणाले. "झ्याक चाललंय."

पण हातातला चहा निवला, तरी त्यांचे कान आतच लागलेले होते.