गाडी लहान होत गेली

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं सरकारी गाडी चालवली आणि गाडीला ओरखडा पडू दिला नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. मला नवऱ्याचं कौतुक करायची सवय नाही, कुणालाही विचारा. रिटायर झाले त्या दिवशी त्यांच्या साहेबांनीच भाषणात हे सांगितलं, आणि समोसे खाता खाता सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊराव नाव, गाव अमरावतीकडचं, पण हयात गेली दिल्लीत, मंत्रालयाच्या गॅरेजात. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा असली तरी गाडी फाटकातून बाहेर काढायचे. काच खाली करून वाकून बघणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये आम्ही सव्वीस वर्षं राहिलो. त्या सव्वीस वर्षांत मी त्यांच्या गाडीत एकदाही बसले नाही. गाडी सरकारची, पेट्रोल सरकारचं. मुलगी श्रावस्ती दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. मे महिना, तिला कडेवर घेऊन, दोन पिशव्या सांभाळत मी सरोजिनी नगरच्या बस स्टॉपवर उभी होते. ह्यांची पांढरी गाडी सिग्नलला येऊन थांबली. मागची सीट रिकामी. ह्यांनी मला पाहिलं, मी ह्यांना पाहिलं. सिग्नल सुटला आणि हे निघून गेले. संध्याकाळी म्हणाले, "साहेबांना आणायला निघालो होतो. ड्यूटीवर होतो." मी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाले, "प्रेमला, एकदा तुला शेजारी बसवून लांब नेईन. स्वतः चालवत नेईन." मी म्हटलं, नेलंत हो. पण ते वाक्य ते विसरले नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, मीही विसरले नाही.

रिटायर झाल्यावर मिळालेले सगळे पैसे नोएडाच्या फ्लॅटमध्ये गेले. गाडी काही झाली नाही. स्कूटर होती, तीही मागच्या वर्षी विकून टाकली. म्हणाले, ट्रॅफिक वाढलाय, आता मेट्रो बरी.

श्रावस्ती आयटीत आहे. नवरा चैतन्य आणि ती आमच्याच सोसायटीत दोन मजले वर राहतात. कंपनीनं तिला दोन वर्षं जर्मनीला पाठवलं होतं, तिथे ती गाडी चालवायला लागली. यंदा तिनं ठरवलं, आई-बाबांना तिकडे न्यायचं, बारा दिवस, भाड्याची गाडी घेऊन. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीचा डोंगराळ भाग. चैतन्यला गाडी येत नाही. टीव्हीच्या ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण स्टिअरिंग हातात दिलं तर घाम फुटतो, आणि हे तो हसत हसत सांगतो. तेव्हा श्रावस्ती म्हणाली, "बारा दिवस मी एकटी नाही चालवू शकणार यार. दुसरा ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव टाकते."

त्या दिवशी ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. रात्री जेवताना मला म्हणाले, "तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. तू उजवीकडे बसायचं, माझ्या शेजारी." चौतीस वर्षांनी माणूस दिलेला शब्द पाळायला निघाला होता.

मग गाडी कोणती घ्यायची यावर घरात खल सुरू झाला. श्रावस्तीनं लॅपटॉपवर यादी दाखवली. मिनी, त्याच्यावरची लहान, मधली, मोठी, आणि मागे लांबलचक डिकी असलेली मोठी. ती लांबवाली घेऊ म्हणाली. आम्ही चौघं, चार बॅगा, शिवाय माझी खाण्यापिण्याची पिशवी आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मिळालेला घडीचा वॉकर. हे खूश होते. चैतन्यला समजावून सांगत होते, "जावईबापू, फोटो बघून गाडी घ्यायची नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हीच किंवा अशीच दुसरी. डिकी किती लिटरची आहे ते वाचून काही कळत नाही, आपली मोठी बॅग त्यात आडवी राहते का ते बघायचं. वरून झाकण पाहिजे, सामान काचेतून दिसता कामा नये. आणि रुंदी आरशांसकट मोजायची." चैतन्य कान देऊन ऐकत होता. मलाही बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी त्यांना त्यांच्या कामातलं विचारत होतं.

आठ दिवसांनी हे म्हणाले, "एवढी लांब गाडी कशाला? तिकडच्या जुन्या गावांत गल्ल्या अरुंद असतात. मधली घे." श्रावस्ती म्हणाली, अच्छा, मधली. आणखी चार दिवसांनी, "पार्किंगच्या जागा फार लहान असतात, मी व्हिडिओ पाहिले. लहान घे." श्रावस्तीनं बॅगा चारच्या तीन केल्या. पुढच्या आठवड्यात हे मिनीवर आले. चैतन्य म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी आपण ऑटोरिक्षावर येणार." सगळे हसले, हेही हसले. मी रागावले. मला वाटलं, पैसे वाचवतायत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हटलं, आयुष्यभर काटकसर केली, आता लेक नेतेय तर तिच्याही खिशाचा हिशोब. मी ते तोंडावर बोललेही.

परदेशात चालवायच्या परमिटचा फॉर्म श्रावस्तीनं आणून दिला होता. तिचं परमिट हातात आलं. ह्यांचा फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला. भरा की, म्हटलं की म्हणायचे, भरतो.

इथे मला अंबादासभाऊंचं सांगायला हवं. अकोल्याचे, ह्यांच्याच गॅरेजातले ड्रायव्हर, आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायचे. आमची श्रावस्ती त्यांच्याकडे जेवून यायची. नोकरीच्या शेवटच्या चार वर्षांत ह्यांच्याकडे गॅरेजची देखरेख होती, कोण ड्रायव्हर कुठे जाणार ते हे ठरवायचे. अंबादासभाऊंना संध्याकाळी नीट दिसत नाही, हे ह्यांच्या लक्षात आलं. फाटकाजवळ एक सायकलवाला थोडक्यात वाचला होता. अंबादासभाऊ आमच्या घरी आले, आमच्या सोफ्यावर बसले, म्हणाले, "भाऊ, दोन वर्षं राहिलीत. कुणाला सांगू नको." ह्यांनी चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना लिहून दिलं. अंबादासभाऊंना गाडीवरून काढून टपालाच्या टेबलावर बसवलं. ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. मी तेव्हा ह्यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "प्रेमला, मागे बसलेला माणूस आपल्या भरवशावर डोळे मिटतो. मी काय करू?"

आता त्या शनिवारची गोष्ट. सकाळी दहाचा सुमार, सोसायटीच्या तळघरातलं पार्किंग निम्मं रिकामं. हे टेप आणि खडू घेऊन खाली गेले आणि थोड्या वेळानं मला बोलावलं. जमिनीवर त्यांनी गाडीचं चित्र काढलं होतं, अगदी मापात. मिनीचं. आरसेसुद्धा काढले होते. आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पुढे, दोन मागे. वॉचमन दुरून बघत होता. मला लाज वाटली, पण ते इतके गंभीर होते की मी गुपचूप जाऊन बसले.

"उजवीकडे," हे म्हणाले. मी उजवीकडच्या खुर्चीत बसले. ते डावीकडे. समोर भिंत. दोन्ही हात त्यांनी स्टिअरिंगवर असावेत तसे धरले. "पाय पुरतो का तुझा?" मी म्हटलं, पाय कसला पुरतो, गुडघा समोर आपटतोय, आणि तीन बॅगा काय डोक्यावर घ्यायच्या? ते म्हणाले, "जमवू." बिल्कुल शांत.

उकडत होतं. मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि ह्यांच्यापुढे केली. म्हणजे मला वाटलं पुढे केली. माझा हात त्यांच्या खांद्याशी होता. ते भिंतीकडे बघत बसले. मी बोलले नाही, आधी सहजच, मग मुद्दाम. हात थोडा हलवला. पुन्हा हलवला. माझा हात भरून आला तरी ते समोरच बघत होते. ज्या माणसाला दोन बोटांची फट दिसायची त्याला शेजारी धरलेली बाटली दिसत नव्हती.

मग एकेक आठवायला लागलं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. ताटाच्या बाजूला ठेवलेली वाटी सांडायची. स्कूटर विकली. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचे, म्हणायचे, डोळे कोरडे पडतात. आणि गाडी दर आठवड्याला लहान होत गेली, ती पैशांसाठी नव्हे. जेवढं दिसत होतं तेवढ्यात मावेल अशी गाडी ते शोधत होते.

"अहो," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्यांनी पूर्ण मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. त्यांना समजलं. "दीड वर्ष झालं," म्हणाले. "काचबिंदू आहे. समोरचं स्वच्छ दिसतं. बाजूचं गेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलंय ते औषधानं टिकवायचं."

"आणि मला सांगितलं नाही."

"सांगितलं असतं तर तू श्रावस्तीला सांगितलं असतंस. तिनं नाव काढलं असतं." मग म्हणाले, "लहान गाडी असली तर सांभाळेन असं वाटलं. एक दिवस तरी. सरळ रस्त्यावर."

मला त्यांची कीव यायला हवी होती. आली ती चीड. "आम्ही तिघं आत बसणार होतो ना?" मी म्हटलं. "माझी लेक मागे डोळे मिटून बसली असती. अंबादासभाऊ आपल्या सोफ्यावर बसून विनवत होते, त्यांना तुम्ही काय सांगितलंत? दुसऱ्याला एक नियम आणि स्वतःला दुसरा?"

हे बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. पण खरं होतं, आणि खरं बोललेलं परत घेता येत नाही. हे कितीतरी वेळ त्या खुर्चीत बसून राहिले. हात अजून तसेच समोर धरलेले होते. मग त्यांनी ते मांडीवर ठेवले, उठले आणि खुर्च्या एकात एक घालून वॉचमनला परत दिल्या.

दिवसभर आम्ही बोललो नाही. मी श्रावस्तीलाही काही सांगितलं नाही. मी ठरवलं होतं, एक दिवस वाट बघायची. त्यांनी नाही सांगितलं तर मी सांगणार, मग त्यांनी घर डोक्यावर घेतलं तरी चालेल. पण सांगायचं त्यांनीच असं मनापासून वाटत होतं. रात्रभर मला भीती हीच होती, की हा माणूस गप्प बसेल आणि मग मी त्याला कधीच पहिल्यासारखं मानणार नाही.

रविवारी नाश्त्याला श्रावस्ती आणि चैतन्य खाली आले. पोहे झाले, श्रावस्तीनं लॅपटॉप उघडला. "चलो, आज फायनल करू. मिनीच ना बाबा? मी बॅगा दोनच करते. आईचा वॉकर पायाशी ठेवू."

"मोठी घे," हे म्हणाले.

"कोणती मोठी?"

"पहिल्या दिवशी दाखवलीस ती. लांब डिकीवाली. ऑटोमॅटिक घे, घाटात तुझा डावा पाय दमणार नाही. बॅगा चारही ने. तुझ्या आईला मागे पाय लांब करता आला पाहिजे."

चैतन्य काहीतरी गमतीचं बोलणार होता. ह्यांचा चेहरा बघून थांबला.

"आणि दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव टाकू नकोस," हे म्हणाले. "मला बाजूचं दिसत नाही, बेटा. दीड वर्षापासून. मी लपवलं. चूक झाली."

श्रावस्तीचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिचे डोळे भरले. "बाबा, मग गाडी नकोच. आपण ट्रेननं जाऊ. कॅन्सल करते सगळं."

"गाडीनंच जायचं," हे म्हणाले. "तू चांगली चालवतेस. दिवसाला चार तासांच्या वर नाही, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. थकलीस की सांगायचं, लाजायचं नाही. लिही."

तिनं लिहिलं. ड्रायव्हर म्हणून एकटीचं नाव. ह्यांनी स्क्रीनजवळ वाकून, चष्मा सारखा करून, एकेक अक्षर वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग पोह्यांची ताटली उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि बाल्कनीत गेले.

मी मागोमाग गेले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी कठडा धरून उभे होते आणि रडत होते, आवाज न करता. माझा सगळा राग गेला. मी कठडा आणि ते यांच्यामध्ये शिरले आणि अगदी त्यांच्या समोर उभी राहिले. बाजूला उभी राहिले असते तर त्यांना मी दिसले नसते.