बदलीचं पत्र

पप्पांना सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्यांनी घाटावरच्या आमच्या चर्चमधून बदलीचं पत्र घेतलं नाही. दोनेक वर्षांत परत जाऊ, असं त्यांना वाटलं. वीस वर्षं झाली.

आमच्यात माणूस गाव बदलताना हे पत्र सोबत नेतो. ते दिलं की नव्या मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, यादीत नाव चढतं, आणि ती मंडळी ज्या बिशपांकडे, तो आपला धर्मप्रांत. पप्पांना हा इतिहास पाठ होता. मुंबईच्या एकाच बिशपांकडे मोठा मुलूख होता, मग त्यातून एकेक धर्मप्रांत वेगळा झाला. सिल्वासात मात्र पोर्तुगीज होते, त्यामुळे इंग्रज बिशपांची हद्द सिल्वासाच्या बाहेरच थांबायची. इथलं जुनं चर्च कॅथलिकांचं. आम्ही चार प्रोटेस्टंट घरं जवळच्या सामरवरणी गावात कुणाच्या तरी हॉलमध्ये प्रार्थनेला जमायचो.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी पप्पांना घरी न्यायला सांगितलं. पप्पांनी एकच मागितलं, पाळकांच्या हातून प्रभुभोजन.

फोनवर बोलायची मला भीती वाटते. तरी केला. सिल्वासाला जवळचा धर्मप्रांत गुजरातचा; तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, नाव कुठल्या यादीत आहे? मग घाटावर फोन केला. तिथल्या कारकुनाने रजिस्टर पाहून सांगितलं की नाव कधीच कमी झालंय. घाबरले की मी इंग्रजीत बोलू लागते. त्याने मला थांबवलं.

"ताई, मराठीत सांगा. पेशंट कुठाय?"

"सिल्वासाला."

"मग तिकडच्यांना सांगा ना."

पुन्हा गुजरातकडे. त्यांनी रविवारी पाळक पाठवायचं कबूल केलं. तो बुधवार होता. गुरुवारी दुपारी पप्पांचा श्वास बदलला.

आईने उपासनेचं पुस्तक माझ्या हातात दिलं. बशीत पावाचा तुकडा तिने आधीच ठेवला होता. मी स्तोत्र वाचलं, पापांची कबुली वाचली. मग प्रभुभोजनाच्या भाकरीवर, म्हणजे त्या पावावर, म्हणायचे शब्द आले. ते दीक्षा झालेल्या पाळकानेच म्हणायचे असतात, हे मला पप्पांनीच शिकवलं होतं. मी थांबले. पप्पांनी डोळे न उघडता, प्रभुभोजन घेताना धरतात तसा, उजवा तळवा डाव्या तळव्यावर ठेवून पुढे केला.

"म्हण ना गं," आई म्हणाली.

मी ते शब्द सोडून पान उलटलं आणि प्रभूची प्रार्थना सुरू केली. आमेन आई एकटीच म्हणाली. पप्पांचे हात तसेच होते. मी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली. शेवटी आईनेच ते हात खाली घेतले.