इनेसला आमची वंदना कशी येत होती?

गेल्या रविवारी पप्पांचा पहिला स्मृतिदिन होता. त्या दिवशी लोअर परळच्या आमच्या चाळीत जे घडलं, त्यातून मी अजून सावरलेली नाही... म्हणून लिहितेय.

आदल्या दिवशी माझा धाकटा भाऊ सिद्धू गोव्याहून आला, तो पाहुणी सोबत घेऊनच. इनेस. मूळची पोर्तुगालची, चाळिशीच्या आसपासची. लाटांच्या मागे देशोदेशी फिरणारी सर्फर... सिद्धूला सर्फिंग तिनेच शिकवलं. सोमवारी मुंबईहून तिचं कोलंबोचं फ्लाइट होतं, म्हणून दोन रात्री मुक्काम आमच्याकडे.

तिचा तो लांबलचक बोर्ड जिन्याच्या वळणावर असा अडकला की खालच्या मजल्यावरचे लोक मदतीला धावले. मी मात्र मनातून वैतागले होते. पप्पांच्या कार्यक्रमाला घरात परकं माणूस कशाला?

चाळीत कुणाकडे काहीही असलं, की बुद्धवंदना पप्पाच घ्यायचे. खणखणीत आवाज होता त्यांचा. ते गेल्यापासून आईने वंदना मोठ्याने म्हटलीच नव्हती. नुसती हात जोडून बसायची, ओठ घट्ट मिटून...

रविवारी सकाळी वंदना घ्यायला येणाऱ्या भन्तेजींचा फोन आला. ताप भरलाय, येता येणार नाही. आमच्या एरियातले बौद्धाचार्य एका लग्नात होते. इकडे खोली माणसांनी भरलेली, बुद्धमूर्तीपुढे फुलं मांडलेली, भिंतीवरच्या तसबिरींना हार घातलेले, शेजारी पप्पांचा फोटो.

काका म्हणाले, "वहिनी, तुम्हीच सुरू करा."

आईने मान हलवली... नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सुरुवात केली. लहानपणापासून पाठ असलेले पाली शब्द. पण त्रिशरण म्हणताना नजर पप्पांच्या फोटोवर गेली आणि आवाजच बंद झाला. कुणीतरी पुढे उचलून धरणार, एवढ्यात दाराजवळून आवाज आला.

शब्द आमचेच. चाल मात्र कधीच न ऐकलेली... संथ, लांबवलेली.

मी मागे वळले. इनेस होती. डोळे मिटलेले, हात कपाळाशी जोडलेले. मी जिथे थांबले होते, बरोब्बर तिथून तिने उचललं होतं. त्रिशरण संपलं, पंचशील सुरू झालं. एकही शब्द चुकत नव्हता!

काकांचं तोंड उघडंच राहिलं. मी सिद्धूकडे पाहिलं, तर तोच माझ्यापेक्षा जास्त हादरलेला. एकेक करून सगळे तिच्या मागून म्हणायला लागले... आई सोडून. आई नुसती तिच्याकडे बघत होती.

वंदना संपल्यावर इनेसने डोळे उघडले. मी तिला पाणी दिलं आणि विचारलं, हे तू कुठे शिकलीस?

ती इंग्रजीत सांगत होती, मी आईला मराठीत. दहा-बारा वर्षांपूर्वी ती आणि तिचा लहान भाऊ तियागो श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर सर्फिंगला गेले होते. एका मोठ्या लाटेत तियागो खडकांवर आपटला आणि गेला. गावातल्या मच्छीमारांनी त्याला पाण्यातून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्या गावातली एकही होडी समुद्रात गेली नाही.

ते दोघं जिच्या घरी भाड्याने राहत होते, त्या म्हातारीने भिक्खूंना बोलावलं आणि त्याच्या नावाने पुण्यानुमोदन केलं, म्हणजे गेलेल्याला पुण्य अर्पण करण्याचा विधी. ना नात्याचा, ना देशाचा... तरी दरवर्षी करते. इनेस जगात कुठेही असली तरी त्या दिवशी तिथे पोहोचते. आत्ताही तिकडेच निघाली होती. दरवर्षी त्या बायकांमध्ये बसून, ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं होतं.

हे सिद्धूलाही माहीत नव्हतं. त्याच्याशी ती फक्त वारा, भरती आणि लाटा यावरच बोलायची.

मग ती म्हणाली, "मला सगळे सांगायचे, भारतात हे आता कुणी म्हणत नाही. तुझ्या तोंडून ऐकलं आणि मला वाटलं, मी त्या म्हातारीच्याच घरात आहे."

मी हे मराठीत सांगितलं, तसे काका ताठ बसले. "तिला सांग, या चाळीत घराघरात म्हणतात. आमच्या आज्यापासून म्हणतात."

एवढा वेळ गप्प असलेली आई पहिल्यांदा बोलली. "भावाचं नाव काय म्हणाली?"

"तियागो."

आई उठली. पप्पांच्या फोटोपुढे एक मेणबत्ती जळत होती, तिच्या शेजारी तिने दुसरी लावली. इनेसचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि म्हणाली, "पुन्हा म्हणू या. दोघांसाठी."

आणि आईने स्वतः सुरुवात केली. आवाज चिरका, मध्येच फाटणारा... पण मोठ्याने. इनेस तिच्या चालीत, आई आपल्या चालीत. एक पुढे जायची, दुसरी मागे राहायची, मग दोघी थांबून एकमेकींना गाठायच्या. खोलीत एकाचेही डोळे कोरडे नव्हते.

सोमवारी इनेस गेली. परवा संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला... त्या गावातून, शेजारी ती म्हातारी. आईला सिंहली येत नाही, तिला मराठी. दोघी नुसत्या हात जोडून एकमेकींकडे बघत राहिल्या. मग वंदनेच्या शेवटी म्हणतात तसं तिकडून हळूच "साधु" ऐकू आलं आणि आईनेही "साधु" म्हटलं. बस्, एवढंच बोलणं.

फोन ठेवल्यावर आई खिडकीत जाऊन बसली. मग म्हणाली, "प्रज्ञा, आपली माणसं कुठे कुठे आहेत गं... आपल्याला माहीतच नव्हतं."