कोरड्या डोळ्यांचं पाणी

आमच्या वहिनींना मी कधी रडताना पाहिलं नाही. शेहेचाळीस वर्षं आम्ही एका घरात काढली. त्यात घरची तीन माणसं गेली, कावेरीचं पाणी एकदा उंबऱ्याला लागलं. वहिनींचे डोळे कोरडे. त्यामुळे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी गळू लागलं, तेव्हा कुंभकोणमच्या आमच्या गल्लीच्या ते लगेच नजरेत आलं.

दारापुढे तांदळाच्या पिठाची, ओळीला एकवीस ठिपक्यांची रांगोळी त्या रोज सकाळी घालत. मी मोजणी खात्यातला माणूस. कचेरीला निघताना ठिपके मोजण्याची मला खोड. त्या वर्षी एका ओळीत वीसच भरले.

"भावोजी, जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं," त्या म्हणाल्या. "आणि डोळ्यांत पीठ गेल्यासारखं खुपतं." कितीही धुतलं तरी ते पीठ निघेना.

त्याच वर्षी सोळा वर्षांची सून, राधा, घरात आली होती. समोरच्या तमिळ मामींनी दोन्ही गोष्टी जोडल्या: सून छळते, सासू रडते. विहिरीवर बायका राधाशी बोलेनाशा झाल्या. पोरीचं जेवण निम्म्यावर आलं.

वहिनींना सुईणीनं कारण सांगितलं होतं. पण ते बायकांनी आपसात कुजबुजायचं. एका सकाळी रांगोळी चालू असताना मामींनी विचारलं, सुनेपायी अजून किती रडणार? मी पायरीवरच उभा होतो. वहिनींनी हाताचं पीठ झटकलं आणि साऱ्या गल्लीला कळेल अशा तमिळमध्ये म्हणाल्या, "मामी, मी आता तीन महिन्यांतून एकदा बाहेर बसते. या वयात डोळे सुकतात. सुकले की खुपतात, खुपले की पाणी येतं. उद्या तुमचेही सुकतील. माझ्या मुलीचं नाव घेऊ नका."

मामी घरात गेल्या. मी बराच वेळ वहाणा शोधत राहिलो. त्या पायातच होत्या.

पुढे ठिपके राधा मांडू लागली. वहिनी चार हात मागे उभ्या राहून चुका दाखवत. दुपारी राधा त्यांच्या मिटल्या डोळ्यांवर ऊन पाण्यात पिळलेलं फडकं ठेवी. त्यानं बरं वाटे, पण खुपणं पुरतं गेलं नाही.

वहिनी बासष्टाव्या वर्षी गेल्या. सुतक फिटल्यावर राधानं पहिली रांगोळी घातली, तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली होती. मामींनी हळूच विचारलं.

"काही नाही, मामी," ती म्हणाली. "डोळे सुकलेत."

राधा तेव्हा तीस वर्षांची. हिशेब जुळत नव्हता. मधल्या ओळीत ठिपकेही वीसच होते.