टोपलीतली पिल्लं आणि आमची आत्या

रस्त्यानं आपल्या कामाला निघालेल्या माणसाला सुखानं पुढं जाऊ देणं आमच्या आत्याला आजवर जमलेलं नाही. ही माझी सख्खी आत्या. ऐन उमेदीत विधवा होऊन मोशीला माहेरी परत आली आणि तेव्हापासून सगळ्या गावाची चौकशी आपल्याकडेच सोपवली आहे अशा समजुतीनं वागू लागली. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला ती आधी पाणी देते, मग त्याचं गाव विचारते, मग घरची माणसं विचारते आणि शेवटी "आई कुठं असती तुजी?" असं विचारून उत्तरासाठी दारात उभी राहते. त्याचा फोन वाजत असतो, गाडी चालू असते, पण उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. एकदा हिंजवडीला निघालेली एक कंपनीची कॅब वळायला म्हणून आमच्या फाटकापाशी थांबली. आत्यानं खिडकीतून ड्रायव्हरला असं काही धरलं की तो इंजिन बंद करून आपल्या आईच्या गुडघेदुखीबद्दल बोलायला लागला. मागं बसलेली मंडळी घड्याळं बघत होती. त्यांच्याकडं वाकून आत्या म्हणाली, "बसा की वाईच. मानूस आईचं सांगतोय."

आमच्या रानावर आता इमारती उभ्या आहेत, पण हे आत्याच्या भाषेपर्यंत अजून पोचलेलं नाही. बँक जिथं आहे तिथं पूर्वी आमची विहीर होती, म्हणून पेन्शन काढायला निघताना ती "विहिरीत जाऊन येते" असं सांगते. समोरच्या सोसायटीतला नवीन वॉचमन हे ऐकून एकदा तिच्यामागं धावत गेला होता. दाताचा डॉक्टर गोठ्यात बसतो, मोबाइलचं दुकान कांद्याच्या चाळीत आहे, आणि जनावरांची डॉक्टरीण लिंबाखाली. लिंब तोडून बरीच वर्षं झाली. घरचा सगळा कारभार या नकाशावर चालतो आणि बाहेरून आलेल्या माझ्या बायकोला तो पाठ करायला पहिलं वर्षभर लागलं.

त्या लिंबाखालच्या डॉक्टरणीकडं जायची वेळ आली ती एका रविवारी. भाजी घेऊन आत्या आणि मी स्कूटरवरून परत येत होतो. हायवेच्या सर्व्हिस रोडला एक माणूस दोन टोपल्या मांडून बसला होता आणि टोपल्यांत कुत्र्याची पिल्लं होती. उन्हाचा तडाखा होता. पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून धापा टाकत होती, मोटारी थांबत होत्या, काचा खाली होत होत्या, पिल्लं उचलून दाखवली जात होती. आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी स्कूटर थांबवायच्या आतच ती उतरली होती.

"आरं बाबा, ह्यांची आई कुठं हाय?"

तो माणूस हसला. बोलण्यावरून मराठवाड्याकडचा वाटला. "मावशी, कुत्र्याची आई विचारायल्यात का? लॅब्राडोर हाय, ओरिजनल. बोला, कोणतं देऊ?"

तिला उत्तर मिळालं नाही. ती तिथंच उभी राहिली. टोपलीच्या तळाशी एक सगळ्यांत बारकं पिल्लू डोळे मिटून पडलं होतं. आत्यानं भाव केला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच केला नसेल. ते पिल्लू पदरात घेऊन ती स्कूटरवर बसली.

आठवडाही निघाला नाही. पिल्लू खाईना, रक्ताची हगवण लागली. आत्यानं पेज केली, हळदीचं दूध केलं, बोटानं चाटवून पाहिलं. आम्ही दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरीण तरुण होती, पण समजुतीनं बोलली. "आजी, हे महिन्याचंसुद्धा नव्हतं. आईच्या दुधावर असायचं वय याचं. त्यात लस नाही, आणि सगळी पिल्लं एका टोपलीत. एकाला रोग लागला की सगळ्यांना लागतो." मग ती म्हणाली, "तुम्हाला दया आली हे कळतं मला. पण तुम्ही एक उचललंत की त्या जागी दुसरं येतं. विकलं गेलं, एवढंच त्या विकणाऱ्याला दिसतं."

मेलेलं पिल्लू पदरात घेऊनच आत्या घरी आली. परसात पेरूखाली खड्डा तिनं स्वतःच खणला.

पुढच्या रविवारी ती घडीचं स्टूल घेऊन निघाली. मला वाटलं, भांडायला चालली आहे. त्या माणसालाही तसंच वाटलं असावं. तिला बघताच तो म्हणाला, "मावशी, जनावराची गॅरंटी नसती. परत घेत न्हाई मी."

"परत कशाला देऊ? मेलं ते. त्येवढं सांगाया आले." आणि टोपल्यांशेजारी स्टूल उघडून ती बसली.

तेव्हापासून दर रविवारी ती तिथं बसू लागली. ती ओरडत नसे, कुणाला शिव्याशाप देत नसे. जो थांबेल त्याला आपल्या नेहमीच्या पद्धतीनं विचारी. एक जोडपं मुलीच्या वाढदिवसासाठी पिल्लू घ्यायला आलं होतं. आत्यानं त्यांचं गाव विचारलं, नोकऱ्या विचारल्या, मग म्हणाली, "दिवसभर घरी कोन आसतं?"

"कुणी नाही. दोघंही कामावर, ही पाळणाघरात."

"मंग ह्यानं कुनापाशी ऱ्हायाचं?"

बाईनं हातातलं पिल्लू खाली ठेवलं. मुलगी रडायला लागली आणि गाडी निघून गेली. असं दर वेळी नाही, पण बरेचदा व्हायचं. काही लोक आत्याला वेडी म्हणायचे, काही जण तिच्यादेखत दोन-दोन घेऊन जायचे. मी दरम्यान महापालिकेत रीतसर तक्रार केली. एक गाडी आली, टोपल्या पळाल्या आणि पुढच्या आठवड्यात हायवेच्या पुलाच्या दुसऱ्या बाजूला दिसल्या. टोपल्या पळाल्याचं मी घरी अभिमानानं सांगितलं होतं. आता आत्या म्हणाली, "टोपल्या हलल्या. पिल्लं काय सुटली?" आणि स्टूल घेऊन पुलाच्या त्या बाजूला गेली.

एका रविवारी त्या माणसाचा बांध फुटला. मी तिला न्यायला आलो होतो, त्यामुळं माझ्यासमोरच झालं ते.

"मावशी, मला काय हौस हाय का? चाकणला कंपनीत होतो मी, कंत्राटावर. ब्रेक दिला, परत बोलावलंच न्हाई. खोलीचं भाडं तुम्ही भरायल्यात का? लेकरांना तुम्ही खाऊ घालायल्यात का?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत की, म्हशी होत्या तुमच्या. दूध डेअरीला घालत होता. मग रेडकं कुठं गेली तुमची?"

आत्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिनं स्टुलाची घडी केली आणि गाडीवर येऊन बसली.

नंतरचे काही दिवस आमच्या घरी भलतीच शांतता होती. पार्सलवाले दारात पार्सल ठेवून जात, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. त्यातला एक जण तर दोन मिनिटं तसाच उभा राहिला आणि मला म्हणाला, "आजींची तब्येत बरी आहे ना?" दोन रविवार ती घरातच बसून होती. तिसऱ्या रविवारी पदर खोचून म्हणाली, "चल. बोलायचं ऱ्हायलंय."

त्या माणसासमोर ती उभीच राहिली.

"खरं बोललास तू. रेडकाला यक सड सोडायचे मी, बाकीचं डेअरीला. नर आसला तर त्येवढंबी न्हाई. हंबरायची ती, आन् मी खाली मान घालून धार काढायचे. त्येंच्याबद्दल मला कुनी इचारलं न्हाई, आन् मीबी सोताला इचारलं न्हाई. म्हनून तुला इचारत व्हते."

त्यानं बाहेर येऊ बघणारं एक पिल्लू टोपलीत आत सारलं. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू का मावशी? ह्यांची आई मी बी बघितली न्हाई. फोन करतो, टोपली येती."

"मंग चल. बघू."

तो खरंच आला. तो पुढं मोटरसायकलवर, आम्ही मागं. चाकणच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की छोट्या वर्कशॉपांची रांग आहे, तिच्या मागं एक पत्र्याची शेड होती. आत शिरण्याआधीच वासानं डोळ्यांत पाणी आलं. जाळीचे पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत कुत्र्या. एकीची पिल्लं आदल्या दिवशी उचलली होती. तिचे सड भरून खाली लोंबत होते आणि ती जाळीच्या एकाच कोपऱ्यात तोंड खुपसून उभी होती. शेडचा मालक आमच्यावर ओरडत आला. आत्यानं त्याला काही विचारलं नाही. ती त्या कुत्रीच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. टोपलीवाला मात्र पिंजऱ्याची जाळी धरून खाली बसला होता.

शेवटच्या पिंजऱ्यात एक म्हातारी कुत्री होती, पिवळट, कानाला जखम असलेली. मालक म्हणाला, "ती घेऊन जा फुकट, एवढा पुळका आलाय तर. पिल्लं धरत नाही आता. नाहीतरी हायवेला सोडणार होतो." आता काही विकत घ्यायचं नाही, असं आत्यानं मला येताना बजावलं होतं. फुकटचं काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. ती एकदा माझ्याकडं आणि एकदा कुत्रीकडं बघत राहिली. शेवटी पिंजऱ्याची कडी टोपलीवाल्यानंच काढली.

आम्ही त्या शेडबद्दल पुन्हा तक्रार केली. या वेळी डॉक्टरीणही बरोबर होती. काही कुत्र्या सुटल्या, शेड बंद झाली. दुसरीकडं कुठं उघडली असेल तर मला माहीत नाही. टोपलीवाला आता त्याच सर्व्हिस रोडला हेल्मेट विकतो आणि खप नाही म्हणून कुरकुरतो. पुलापलीकडं दुसराच कुणी टोपली घेऊन बसतो. आत्याचे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी तिथून जाताना ती माझ्या पाठीवर थाप मारते आणि मी थांबतो.

कुत्री आमच्याकडंच आहे. पहिले काही दिवस तिला मातीवर पाय ठेवता येईना. जाळीवरच जन्म गेलेला. मऊ लागलं की ती पाय उचलून घ्यायची. भुंकायची नाही, चेंडू टाकला तर दचकायची. हळूहळू आत्याच्या खाटेखाली तिनं जागा धरली. मग घरातल्या चपला नाहीशा होऊ लागल्या. जोडी कधी नाही, एकेकच. ती चावत नव्हती, फाडत नव्हती. खाटेखाली नेऊन पोटाशी घ्यायची आणि चाटत बसायची. आत्या कुणालाही त्या काढून घेऊ देत नाही. ती स्वतः घरात अनवाणी फिरते आणि आलेल्या पाहुण्यांना कधी कधी तास-तास बसवून ठेवते.

दिवाळीत हेल्मेटवाला फराळाला आला. जाताना दारात त्याची एकच चप्पल होती. त्यानं वाकून खाटेखाली पाहिलं. कुत्रीनं अर्धवट झोपेत मान उचलून त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घालून चपलेला अंगाखाली जरा जास्तच ओढून घेतलं. तो हात पुढं करणार तोच आत्या हळू आवाजात म्हणाली, "थांब वाईच. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

तो परत येऊन बसला. माझ्या बायकोनं पुन्हा चहा टाकला. बाहेर फटाके वाजत होते, तेव्हा त्यानं उठून खिडकी लावून घेतली आणि खाटेशेजारी जमिनीवर, भिंतीला टेकून, कुत्री जागी व्हायची वाट बघत बसून राहिला.