एकच फ्लॉपी

ऐंशीच्या दशकाअखेर आर्वीच्या आमच्या कापसाच्या जिनिंग ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. तो चालू करायची फ्लॉपी बनवायला नागपूरहून एक मेकॅनिक आला होता. फ्लॉपीला हात लावण्याआधी तो दर वेळी रुमालाने बोटं पुसायचा.

"साहेब, हिच्याशिवाय मशीन उठत नाई. अजून एक बनवून देऊ काय? दहाच मिनिटं लागतीन."

मला जेवायला घरी जायचं होतं. "राहू द्या," म्हटलं.

मे महिन्यात मी ती फ्लॉपी खिडकीत विसरलो. उन्हाने ती वाकली आणि मशीन सुरू होईना. मॅनेजरना मी सांगितलं, "त्यानं खराबच बनवली होती."

पुढच्या खेपेला दुसराच मेकॅनिक आला. पहिल्याची चौकशी केली, तर म्हणाला, "त्याले काढलं ना! तुमच्याच ऑफिसची तक्रार होती."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. मी या नव्या माणसासाठी चहा मागवला.